हातभर अंतरावरची चित्रं

बडोद्यात चित्रं बघायला शिकलेल्या माणसाला मागे सरकायची सवय लागलेली असते. कमाटीबागेतल्या पिक्चर गॅलरीत युरोपीय तैलचित्रासमोर आपण आपोआप चार पावलं मागे जातो. राजमहालाच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्याच्या चित्रांसमोरही तेच. कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं पाहायची तर मान वर करावी लागते. हीच सवय घेऊन हिमाचलातल्या संग्रहालयात गेलं की चित्रं दिसेनाशी होतात. पहाडी चित्र, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या छोट्या संस्थानांत काढलेलं लघुचित्र, शाळेच्या वहीच्या पानाएवढं असतं. राजा ते मांडीवर घेऊन बघायचा, शेजारी बसलेल्याच्या हातात द्यायचा, उलटून मागचा श्लोक वाचायचा. डोळ्यापासून हातभर अंतर धरूनच चित्रकाराने त्यातली प्रत्येक रेघ ओढलेली आहे. दहा फुटांवरून ते रंगीत चौकोन वाटतं, आणि ‘म्युझियम छोटंसंच होतं, वीस मिनिटांत झालं’ असं म्हणत लोक मनालीच्या वाटेला लागतात.

बडोद्याच्या माणसाने तरी असं करू नये. कमाटीबागेतल्या संग्रहालयाचे १९४० च्या दशकातले संचालक हर्मान गोएट्झ यांनी हिमाचलातल्या चंब्याच्या प्राचीन लाकडी देवळांवर ग्रंथ लिहिला आणि तो १९५५ साली लायडेनमध्ये छापला गेला. आपल्या देवमाशाच्या सांगाड्याच्या आणि ममीच्या इमारतीत वावरणाऱ्या एका विद्वानाची नजर थेट रावीच्या खोऱ्यात पोचली होती. ती वाट आपल्या ओळखीची आहे.

सर्वांत चांगली पहाडी चित्रं आज पहाडात नाहीत, हे निघण्यापूर्वीच माहीत असलेलं बरं. संस्थानं खालसा झाली, राजघराण्यांनी पोथ्याच्या पोथ्या विकल्या, लेकींबरोबर सासरी पाठवल्या. कांगड्याला ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपाने झोडपलं. लाहोरच्या संग्रहालयात जमलेला मोठा साठा फाळणीनंतर वाटला गेला आणि भारताच्या वाट्याची चित्रं शेवटी चंदीगडला आली. बाकीची दिल्ली, लंडन, झुरिक अशी विखुरली. कांगड्यातल्या गुलेरच्या नैनसुख या चित्रकाराची उत्तम चित्रं पाहायला कुणी गुलेर गावात गेलं तर पडका किल्ला आणि नदीचं पाणी एवढंच भेटेल.

तरीही आधी पहाडात जावं. चित्रातला तो विशिष्ट हिरवा उतार, पायऱ्यापायऱ्यांची शेतं, घरांची उतरती छपरं, पावसाआधीचं जांभळं-करडं आभाळ ही चित्रकाराची कल्पना नव्हे, त्याच्या दारासमोरचा देखावा आहे, हे खिडकीबाहेर एकदा पाहिलं की पुढे चंदीगडला तेच पान दुपटीने बोलतं. म्हणून क्रम असा धरावा: चंबा, मग कांगडा, मग नग्गर, आणि परतीच्या वाटेवर चंदीगड. शिमला वाटेत आलं तर.

वारांचं गणित आधीच करून ठेवावं, कारण सगळ्यात जास्त सहली तिथेच फसतात. राज्याची संग्रहालयं सोमवारी बंद असतात आणि कुल्लू खोऱ्यातल्या नग्गरची, रशियन चित्रकार निकोलाय रोरिक यांची गॅलरीही. धर्मशाळेजवळच्या नोर्बुलिंगका या तिबेटी कलाकेंद्रातल्या कार्यशाळा मात्र रविवारी बंद. बडोद्याहून जम्मूच्या दिशेने जाणारी गाडी पकडून पठाणकोट कँटला उतरायचं असेल तर साधारण एक दिवस-रात्र जाते. म्हणजे शनिवारी रात्री किंवा रविवारी सकाळी निघावं, सोमवार पठाणकोट ते चंबा या सुमारे १२० किलोमीटरच्या घाटरस्त्यात घालवावा आणि मंगळवारी सकाळी ताजं होऊन संग्रहालयाच्या दारात उभं राहावं. हा रस्ता तीन तासांत होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये, पाच तास धरावेत. गाडी लागणाऱ्यांनी सकाळी पोटात थोडंच घालावं.

ऋतू म्हणाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. मे महिना चालतो, पण सुट्टीची गर्दी असते आणि चंबा जेमतेम १००० मीटरवर असल्याने दुपारी चांगलंच तापतं. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जाऊ नये. दरडी कोसळतात, रस्ते बंद होतात, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये तर कांगडा खोऱ्यातल्या छोट्या रेल्वेचा चक्की नदीवरचा पूलच पुरात गेला. दसऱ्यापासून आठवडाभर कुल्लूचा दसरा चालतो, तेव्हा नग्गरच्या बाजूला खोली मिळणं अवघड. दिवाळीत दोन-तीन सरकारी सुट्ट्या एकाला एक लागून येतात. आपल्या मंडळींना सोयीचं पडतं ते भाऊबीज उरकून निघणं.

सामान फारसं लागत नाही. तीनपट मोठं दाखवणारं एक साधं भिंग, पेन्सिल, छोटी वही. आणि गडद रंगाचे कपडे. ही गोष्ट कुणी सांगत नाही, पण चित्रावर काच असते, समोर ट्यूबलाइट असते आणि पांढरा सदरा घालून आपण जवळ गेलो की काचेत चित्राऐवजी आपलाच सदरा दिसतो. काळी किंवा गर्द निळी शाल अंगावर असली तर तिच्या सावलीत काच एकदम पारदर्शक होते. विजेरी चित्रावर मारू नये, फ्लॅशही नाही. कागदावरच्या चित्रांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड पडू नये असा संग्रहालयांचा सर्वमान्य दंडक आहे. कचेरीतल्या टेबलावर याच्या सहा-दहा पट उजेड असतो. म्हणून दालनात शिरल्यावर अंधारल्यासारखं वाटतं, आणि पहाडातल्या लख्ख उन्हातून आत आलं तर जास्तच. पाच मिनिटं बाकावर बसून राहावं. डोळे स्थिरावले की रंग हळूहळू वर येतात.

चंब्याचं भुरी सिंह संग्रहालय १९०८ साली उघडलं. राजा भुरी सिंहाने आपल्या घराण्याचा चित्रसंग्रह त्याला दिला, आणि त्यामागची विद्वत्तेची बाजू फोगेल या डच पुरातत्त्वज्ञाने उचलली. चौगानच्या मैदानापासून चालत जाता येतं. आजची इमारत काँक्रीटची, साधी. आत शिरल्यावर बहुतेकांचे पाय चित्रांकडे वळतात, पण आधी दगड पाहावेत. झऱ्याच्या तोंडाशी बसवायच्या मोठ्या कोरीव शिळा आहेत. गेलेल्या माणसाच्या पुण्यासाठी गावात पाण्याची सोय करायची आणि त्यावर वरुण कोरायचा अशी इथली रीत. दगडावर शारदा लिपी. याच दगडांमध्ये सराहणची प्रशस्ती, म्हणजे स्तुतीचा कोरीव लेख, आहे. सात्यकी नावाच्या एका स्थानिक सरदाराने शिवमंदिर बांधलं आणि त्या लेखात स्वतःच्या पराक्रमापेक्षा बायकोचं, सोमप्रभेचं, रूप वर्णन करण्यात जास्त ओळी खर्च केल्या. पार्वतीशी तिचं सख्य जमावं म्हणून हे देऊळ, असं तो म्हणतो. दानाची आणि जमिनीची भाषा बोलणारे ताम्रपट पुष्कळ पाहिलेल्या माणसालाही हा दगड थांबवतो.

मग चित्रं. इथे ‘सगळं पाहायचं’ हा हट्ट सोडावा. पाच पानं निवडावीत आणि एकेकाला दहा मिनिटं द्यावीत. पाहण्याचा एक क्रम लावून घेतला तर डोळा भरकटत नाही. आधी हाशिया, म्हणजे चित्राभोवतीची चौकट. लाल पट्टा आणि आत सपाट, तापलेले पिवळे-नारिंगी रंग, कमळाच्या पाकळीसारखे मोठाले डोळे असले तर आपण बसोहलीच्या शैलीत आहोत. बसोहली आज जम्मूच्या हद्दीत आहे, पण चंब्यात त्या वळणाची चित्रं भरपूर झाली. चेहरे नाजूक झाले, कपाळ आणि नाक एका सरळ रेषेत आले, मागे खरीखुरी टेकडी दिसू लागली, तर गुलेरची हवा लागली असं समजावं. मग काचेसमोर डोकं किंचित डावी-उजवीकडे हलवावं. बसोहलीच्या पानांत दागिन्यांतला पाचू म्हणून भुंग्याच्या पंखावरच्या चकचकीत कवचाचे तुकडे चिकटवलेले असतात. समोरून ते काळपट ठिपके वाटतात, डोकं हलवलं की हिरवे चमकतात. मोत्यांच्या माळेतला प्रत्येक मोती घट्ट पांढऱ्या रंगाचा उंच थेंब असतो आणि त्याची एवढीशी सावली पडते. भिंग इथे काढावं. छापील पुस्तकात यातलं काहीही उतरत नाही.

चित्र कसं बनतं हे माहीत असलं की बिघाडही ओळखू येतात. पातळ कागदांचे थर खळीने एकावर एक चिकटवून पुठ्ठ्यासारखी वसली करायची. त्यावर गेरूने किंवा काजळीने कच्ची रेघ, वर पांढऱ्याचा पातळ हात, त्यातून अंधूक दिसणाऱ्या रेघेवर पक्की रेघ. मग रंग: हिंगूळ, हरताळ, पेवडी, नीळ, गेरू, काजळी, सफेदा, सगळे डिंकाच्या पाण्यात. प्रत्येक थरानंतर चित्र पालथं घालून पाठीकडून अकीकाच्या दगडाने घोटायचं. ही घोटाई हाच पहाडी चित्राच्या मिनासारख्या तुकतुकीचा उगम. शेवटी सोनं, आणि खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने पापण्या. आता चुका बघा. सफेद्यात डिंक कमी पडला तर तो खपल्या होऊन निघतो, म्हणून पांढरे अंगरखे आणि बगळे आधी झिजलेले दिसतात. हिरव्यासाठी तांब्याचा जंगाल वापरला असेल तर तो कागदच खातो. हिरवळीच्या जागी तपकिरी, ठिसूळ, कधी आरपार भोक पडलेली जागा दिसते ती किडीची नसते. पावसाळ्याच्या दमटपणाने पडलेले गंजासारखे बारके डाग मात्र सगळीकडे सारखे असतात. असे डाग पाहून ‘नीट ठेवलेलं नाही’ असा शेरा मारण्याची घाई करू नये. अडीचशे वर्षं पाऊस सोसून ते पान आपल्यापर्यंत आलेलं आहे. ही विद्या मेलेली नाही, हेही सांगायला हवं. याच संग्रहालयात काम केलेले विजय शर्मा जुन्याच पद्धतीने रंग घोटून चित्रं काढतात. त्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली.

आणि चंबा रुमाल. पैठणी हातात आली की पदर उलटून मागची बाजू बघणाऱ्या मराठी बाईला यातली करामत क्षणात कळेल. पातळ, हाताने कातलेल्या सुती कापडावर चित्रकार कोळशाने रासमंडळ किंवा रुक्मिणीहरण काढून देत, रंग कुठे कोणता तेही सांगत, आणि राजघराण्यातल्या व आसपासच्या बायका ते रेशमाने भरत. टाका दुहेरी. सुई अशी फिरते की धागा कापडाच्या दोन्ही अंगांना सारखाच आडवा पडतो. गाठ कुठेही मारायची नाही, धाग्याचं टोक आधीच्या टाक्यांच्या पोटात दडवायचं. म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी तोंड आहे, पाठ नाही. रेशीम बिनपिळाचं लागतं. पिळाचा धागा घेतला तर उजेड त्यावर तुकड्यातुकड्याने पडतो आणि रंगाचा सलग पट्टा दिसत नाही. टाका जरा आवळला गेला की पातळ कापड गोळा होतं आणि गोपींचा गोल फेर वाकडा होतो. ढिला राहिला तर नखात अडकतो. लग्नात आहेराच्या ताटावर आणि देवापुढच्या नैवेद्यावर हे रुमाल झाकत. ताट उघडून रुमाल हातात घेणाऱ्याला दोन्ही बाजू दिसणार, म्हणूनच दोन्ही बाजू. त्यामुळे ते चौकटीत घालून भिंतीला लावलेले पाहिले की वाईट वाटतं. निम्मं काम भिंतीकडे तोंड करून बसतं. दोन काचांत धरून दालनाच्या मधोमध उभा केलेला एक तरी रुमाल प्रत्येक संग्रहालयात असावा. चंब्यात आजही हे काम शिकवणाऱ्या बायका आहेत. ललिता वकील यांना त्यासाठी २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. विकत घ्यायचा झाला तर तीच कसोटी: उलटा करा, उजेडासमोर धरा, गाठ शोधा. गाठ सापडली तर ते नुसतं भरतकाम आहे.

चंब्याला तीन रात्री द्याव्यात. दुसरा दिवस छतराडी आणि भरमौरसाठी. शक्तिदेवी आणि लक्षणादेवी यांची ही लाकडी देवळं म्हणजेच गोएट्झ यांच्या ग्रंथाचा विषय. आतल्या पितळी मूर्ती सातव्या शतकाच्या अखेरीच्या, राजा मेरुवर्म्याने करवलेल्या, आणि लेखात कारागिराचं नाव आहे: गुग्ग. भारतात इतक्या जुन्या काळी घडवणाऱ्याचं नाव मूर्तीवर सापडणं विरळा. ही चालती देवळं आहेत, चपला बाहेर काढाव्यात, फोटोआधी पुजाऱ्यांना विचारावं.

कांगड्याचं संग्रहालय धर्मशाळेत, कोतवाली बाजाराजवळ. १९९० चं. चित्रं, दागिने, पोशाख, लाकूडकाम, सगळं थोडं थोडं. चंब्यानंतर ते फिकं वाटू शकतं. तासभर पुरेसा. त्याच दिवशी सिद्धपूरला नोर्बुलिंगकात जावं, तिथे थांग्का, म्हणजे कापडावरची तिबेटी धार्मिक चित्रं, रंगवणारे प्रत्यक्ष कामावर दिसतात. चौकटीत ताणलेल्या सुती कापडाला सरस आणि खडूचा लेप, दगडाने घासून तो गुळगुळीत करणं, मग मोजमापाच्या रेघांचं जाळं आणि त्यातून बुद्धाचं अंग. घोटणं इथेही आहे. वसलीची घोटाई वाचून गेलेल्याला इथे हात चालताना दिसतो.

पालमपूरजवळच्या अंद्रेट्याला अर्धा दिवस. चित्रकार शोभा सिंग १९४७ नंतर इथे राहिले, १९८६ मध्ये वारले. त्यांच्या घरातली गॅलरी छोटी आहे. आपल्याकडे देवघरात लक्ष्मी-सरस्वती जशा रविवर्म्याच्या छापखान्याने पोचवल्या, तसे पंजाबी घराघरांतले गुरू नानक शोभा सिंगांनी पोचवले. १९६९ च्या पाचशेव्या जयंतीचं, आशीर्वादाचा हात उचललेलं चित्र डोळ्यांसमोर आणा. कॅलेंडरवर हजारदा पाहिलेल्या चेहऱ्याचा चित्रकार कसा राहत होता, त्याची खुर्ची, रंगाची पाटी कशी होती, हे तिथे समजतं. बडोदेकराला या गॅलरीत परकं वाटणार नाही. गावात लाहोरला नाटकं उभी करणाऱ्या आयरिश नोरा रिचर्ड्स यांचं मातीचं घर आहे आणि कुंभारकामाची कार्यशाळाही.

धर्मशाळेहून नग्गरला पूर्ण दिवस लागतो. लोक मनालीहून टॅक्सी करून पाऊण तासासाठी नग्गरला येतात, तिथेच गणित चुकतं. निकोलाय रोरिक १९२८ पासून १३ डिसेंबर १९४७ ला मृत्यू येईपर्यंत आज गॅलरी असलेल्या या घरात राहिले. खालच्या दालनात त्यांचे डोंगर आहेत, टेम्पेराने, म्हणजे तेलाऐवजी पाण्यात कालवलेल्या रंगाने, काढलेले. तेलाची चकाकी त्यांत नाही, खडूसारखा कोरडा, मखमली पृष्ठभाग आहे. छापील प्रतींमध्ये ते भडक दिसतात कारण चकचकीत कागद त्यांना तेलकट करतो. वरच्या मजल्यावरच्या खोल्या बाहेरच्या सज्ज्यातून खिडक्यांतून पाहायच्या असतात. भर दुपारी ही चित्रं पाहिली तर जांभळे डोंगर, पोपटी आभाळ खोटं वाटतं. म्हणून आदल्या संध्याकाळी नग्गरला पोचावं, मुक्काम तिथेच करावा आणि सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटं बियास खोऱ्याच्या पलीकडची रांग बघत बसावं. बर्फ आधी गुलाबी, मग राखी, मग ज्याला मराठीत नेमकं नाव नाही असा निळा-जांभळा होतो, आणि खालची जंगलं एका रंगाची सपाट पट्टी होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडल्याबरोबर दालनात जावं. इथे मात्र बडोद्याची सवय चालते, चार पावलं मागे जावं. नंतर देवदारांखाली उतरून रोरिकांच्या समाधीचा दगड पाहावा, आणि वरच्या बाजूला उरुस्वती या त्यांच्या हिमालय-संशोधन संस्थेची इमारत.

शिमल्याचं राज्य संग्रहालय १९७४ चं. चौडा मैदानाजवळच्या टेकडीवर आहे आणि शेवटचा चढ दमछाक करणारा, गुडघे दुखणाऱ्यांनी गाडी वरपर्यंत न्यावी. लघुचित्रांचं दालन चांगलं आहे. वेळ कमी असेल तर मी हे सोडून चंदीगडला एक जास्तीचा दिवस देईन.

चंदीगडचं संग्रहालय १९६८ चं, वास्तुकार ल कॉर्बुझिएने आखलेलं. इथे गुलेरच्या घराण्यासमोर उभं राहायचं: पंडित सेऊ, त्यांची मुलं माणकू आणि नैनसुख. कित्येक वर्षं पहाडी चित्रं संस्थानांच्या नावाने ओळखली जात, चित्रकार बेनाव. कलेतिहासकार बी. एन. गोस्वामींनी १९६८ साली शैली दरबाराची नसून घराण्याची असते हे दाखवलं, आणि त्यासाठी पुरावा काढला हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांमधून. नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत आपल्या पणजोबांची सही पाहिलेल्यांना हे लगेच समजेल. १७६३ मध्ये नैनसुख हरिद्वारला गेला, त्याने वहीत स्वतःच्या हाताने वंशावळ लिहिली आणि त्याच पानावर गंगावतरणाचं छोटंसं चित्र काढलं. माणकूच्या १७३० च्या गीतगोविंदाची पानं इथे आहेत. सगळी एकाच वेळी मांडलेली नसतात, कागदाला विश्रांती देण्यासाठी ती आलटून पालटून बाहेर येतात. आधी फोन करून काय मांडलंय ते विचारून घ्यावं. शाल अंगावर घ्यावी, भिंग काढावं, आणि राधेच्या मागची ती टेकडी बघावी. चंबा ते धर्मशाळेच्या रस्त्यावर, वळणावळणाला, ती उजव्या हाताला होती.